थेटफर्डला बघायचं तरी काय? पाहुण्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

केंब्रिजला राहायला आल्यापासून आमच्याकडे पाहुण्यांचा राबता असतो. कॉलेजं बघून झाली, होडीतून फिरून झालं, की तिसऱ्या दिवशी सकाळी चहाबरोबर प्रश्न येतो, "आता कुठे?" मी त्यांना थेटफर्डला नेते. जाताना "हे कुठलं गाव काढलंस?" असे चेहरे असतात आणि येताना गाडीत प्रश्न संपत नाहीत. तेच ते प्रश्न इतक्यांदा आलेत, की एकदा लिहूनच ठेवावं म्हटलं.

थेटफर्ड आहे कुठे?

इंग्लंडच्या पूर्वेला, नॉर्फक परगण्यात, सफकच्या हद्दीला अगदी चिकटून. थेट आणि लिटल ऊज या दोन लहान नद्यांचा इथे संगम होतो. माझं माहेर नाशिकचं, त्यामुळे संगम म्हटलं की मला पायऱ्या, घाट, गर्दी असं काहीतरी अपेक्षित होतं. इथे वाळुंजाची झाडं, बदकं आणि एक पादचारी पूल. बस.

एवढ्याशा गावाला कसला आलाय इतिहास?

गाव आज छोटं आहे, पण हजार वर्षांपूर्वी ते इंग्लंडमधल्या मोठ्या शहरांत मोजलं जाई. १०८६ साली नॉर्मन राजाने देशभरची जी मोजदाद करवली, तिच्यात थेटफर्डच्या ९४३ नागरिकांची नोंद आहे. ती नॉर्मनांनी इंग्लंड जिंकण्याआधीच्या राजवटीतली संख्या. मोजदादीच्या वेळी त्यातले ७२० उरले होते आणि २२४ घरं ओस पडलेली होती. म्हणजे उतरणीला लागलेल्या शहराचा तो हिशेब आहे. पुढे इथली बिशपची गादी नॉरिचला हलली आणि थेटफर्ड बाजाराचं गाव म्हणूनच उरलं. मंगळवारी आणि शनिवारी चौकात अजून बाजार भरतो. 'मार्केट टाउन' हा शब्द इंग्लंडमध्ये सर्रास ऐकू येतो. आजूबाजूच्या खेड्यांसाठी बाजार भरवण्याचा हक्क ज्या गावाला पूर्वी मिळाला, ते मार्केट टाउन. आपल्याकडे तालुक्याच्या बाजारपेठेचं गाव म्हणतो, साधारण तसंच.

आजचं गाव मात्र सगळंच जुनं नाही. १९५०च्या दशकाच्या अखेरीस लंडनची गर्दी कमी करायची म्हणून तिथली कुटुंबं आणि कारखाने इथे आणून वसवले. पाचेक हजारांचं गाव बघता बघता कित्येक पटींनी वाढलं. अलीकडे पोर्तुगीज लोकही बरेच आलेत. त्यामुळे जुन्या गल्लीतून बाहेर पडलात की एकदम साध्या विटांच्या घरांच्या रांगा लागतात. पाहुणे तिथे कॅमेरा खाली करतात. करू नये असं माझं मत, कारण तोही इतिहासच आहे.

एन्शंट हाउस म्युझियम म्हणजे नक्की काय?

व्हाइट हार्ट स्ट्रीटवरचं एक लाकडी सांगाड्याचं घर. साधारण १४९० च्या सुमाराला बांधलेलं, बहुधा कुणा व्यापाऱ्याचं. ओकच्या उभ्या-आडव्या तुळया आणि मधल्या जागा लिंपून भरलेल्या. आत शिरल्या शिरल्या समोरच्या वस्तूंकडे धावू नका, आधी मान वर करा. दिवाणखान्याच्या तुळया कोरीव आहेत, आणि पाचशे वर्षांत लाकूड कुठे वाकलंय, कुठे तडकलंय ते स्पष्ट दिसतं. माझ्या काकांनी वाड्यात आयुष्य काढलेलं. ते बराच वेळ खांब आणि तुळई जिथे मिळते त्या सांध्याकडे बघत राहिले आणि म्हणाले, "आपल्याकडे सागवान, यांच्याकडे ओक. सुताराची अक्कल तीच." माहितीच्या फलकाकडे त्यांनी ढुंकूनही पाहिलं नाही.

मागच्या अंगणात औषधी आणि स्वयंपाकाच्या वनस्पतींची छोटी बाग आहे. म्युझियम नॉर्फकच्या सरकारी संग्रहालय सेवेकडे आहे. दोन तासांत निवांत बघून होतं.

हे घर म्युझियमला दिलं कुणी?

हा प्रश्न कुणी विचारला नाही, तर मीच विचारायला लावते.

प्रिन्स फ्रेडरिक दुलीप सिंग यांनी. म्हणजे शेर-ए-पंजाब महाराजा रणजित सिंग यांचा नातू. १९२१ साली त्यांनी हे घर गावाला दिलं आणि १९२४ साली इथे म्युझियम उघडलं.

फ्रेडरिक १८६८ सालचे. शिक्षण ईटन आणि केंब्रिज, पहिल्या महायुद्धात फ्रान्समध्ये होते, आणि उरलेलं आयुष्य जुनी घरं, जुनी चर्चं आणि जुनी तैलचित्रं यांच्या पायी घातलेलं. नॉर्फकच्या घराघरांत भिंतीवर टांगलेल्या चित्रांत कोण कोण आहे, याच्या नोंदी ते वर्षानुवर्षं करत राहिले. कट्टर राजनिष्ठ माणूस. राजाचं डोकं उडवणाऱ्या क्रॉमवेलचं चित्र त्यांनी आपल्या घरी शौचालयात उलटं टांगलं होतं असं सांगतात. ज्याच्या आजोबांचं राज्य इंग्रजांनी घेतलं, त्याने इंग्रज राजाच्या बाजूने इतकं हिरिरीने उभं राहावं, याचं काय करायचं ते ज्याने त्याने ठरवावं. मला त्यात विनोदही दिसतो आणि पोटात कुठेतरी कालवतंही.

पण पंजाबचं राजघराणं नॉर्फकमध्ये आलंच कसं?

फ्रेडरिकचे वडील दुलीप सिंग १८४३ साली, वयाच्या पाचव्या वर्षी लाहोरच्या गादीवर बसले. १८४९ साली दुसऱ्या शीख युद्धानंतर कंपनी सरकारने पंजाब खालसा केला, कोहिनूर घेतला आणि दहा वर्षांच्या राजाला पेन्शन देऊन लाहोरबाहेर काढलं. त्याला एका स्कॉटिश डॉक्टरच्या देखरेखीखाली ठेवलं, १८५३ साली तो ख्रिस्ती झाला आणि १८५४ साली इंग्लंडला आला. राणी व्हिक्टोरियाला त्याचं फार कौतुक.

१८६३ मध्ये त्यांनी थेटफर्डपासून चार मैलांवरची एल्व्हडनची जहागीर घेतली. जमीन रेताड, शेतीला यथातथा, पण शिकारीला उत्तम. आणि दुलीप सिंग यांचा नेम देशात नावाजलेला. बाहेरून इटालियन धाटणीचा आणि आतून मोगली धाटणीची नक्षी, असा वाडा त्यांनी करून घेतला. पुढे कर्ज वाढलं, सरकारशी बिनसलं, १८८६ साली भारतात परतायला निघाले तर एडनलाच अडवलं. तिथे त्यांनी पुन्हा शीख धर्म घेतला. १८९३ साली पॅरिसमध्ये वारले आणि एल्व्हडनच्या चर्चच्या आवारात त्यांना पुरलं.

गावात नदीतल्या बटन आयलंड नावाच्या चिमुकल्या बेटावर त्यांचा घोड्यावरचा ब्राँझचा पुतळा आहे. १९९९ साली तेव्हाचे युवराज चार्ल्स यांच्या हस्ते त्याचं अनावरण झालं. ब्रिटनभरचे शीख इथे येतात. एका शनिवारी बर्मिंगहॅमहून आलेलं एक कुटुंब भेटलं. आजीबाईंनी चौथऱ्याला हात लावून तो कपाळाला लावला आणि मग डब्यातले पराठे काढले. आम्हालाही दिले.

नाशिकचा काहीतरी संबंध आहे म्हणतेस, तो खरा की ऐकीव?

खरा. आणि मी नाशिकची असून तो मला थेटफर्डात कळला, याची लाजही वाटते.

दुलीप सिंग यांच्या आई महाराणी जिंद कौर. इंग्रजांनी त्यांना मुलापासून तोडलं, कैदेत ठेवलं. १८४९ साली त्या चुनारच्या किल्ल्यातून मोलकरणीच्या वेशात निसटल्या आणि नेपाळात जाऊन राहिल्या. मायलेकांची भेट थेट १८६१ साली, कलकत्त्याला. तोवर त्यांची नजर जवळजवळ गेली होती. मुलाने त्यांना इंग्लंडला आणलं. १ ऑगस्ट १८६३ रोजी लंडनमध्ये त्या गेल्या.

आता अडचण अशी, की त्या काळी इंग्लंडमध्ये दहनाची सोयच नव्हती. महाराणींचा देह केन्सल ग्रीनच्या दफनभूमीत ठेवावा लागला. पुढच्या वर्षी, १८६४ साली, मुलगा तो घेऊन मुंबईला उतरला. त्याला पंजाबात जायची परवानगी मिळाली नाही. लाहोर बंद, म्हणून गोदावरी. नाशिकला दहन झालं आणि काठावर छोटं स्मारक उभं राहिलं. परतताना दुलीप सिंग यांनी इजिप्तमध्ये बाम्बा म्युलर हिच्याशी लग्न केलं. फ्रेडरिक आणि त्यांची भावंडं ही या लग्नाची मुलं.

या भावंडांपैकी राजकन्या बाम्बा यांनी आजीच्या अस्थी नाशिकहून लाहोरला, रणजित सिंगांच्या समाधीपाशी नेल्या. साल १९२४. थेटफर्डला भावाने दिलेल्या घराचं म्युझियम उघडलं तेही १९२४. लहानपणी रामकुंडावर आजीचा हात धरून किती वेळा गेले असेन, कुणीही हे सांगितलं नव्हतं. कुणाला ठाऊकच नसावं.

एल्व्हडनचा वाडा आतून बघता येतो का?

नाही. तो खाजगी आहे, दुलीप सिंग यांच्यानंतर गिनेस बिअरवाल्या घराण्याकडे गेला. चर्च आणि आवारातली कबर बघता येते. बाजूबाजूला तीन कबरी आहेत, भव्य असं काही शोधू नका.

थेटफर्डचा टॉमस पेन म्हणजे तोच का, ज्याचं पुस्तक जोतीरावांनी वाचलं?

तोच. आणि हा प्रश्न विचारणाऱ्या माणसाला मी केक खाऊ घालते, कारण सहसा कुणी विचारत नाही.

पेनचा जन्म १७३७ सालचा, इथलाच. वडील बायकांच्या कंबर आवळून धरणाऱ्या काचोळ्या (कॉर्सेट) शिवायचे, आणि पोरगाही शाळेनंतर त्याच धंद्यात लागला. ज्या ग्रामर स्कूलमध्ये तो शिकला, ती शाळा अजून चालू आहे. पुढे अबकारी खात्यात नोकरी, तिथून हकालपट्टी, १७७४ मध्ये अमेरिका. दोन वर्षांत त्याच्या एका पत्रकाने अमेरिकेच्या स्वातंत्र्याची हवा पेटवली. मग फ्रान्सची राज्यक्रांती आणि १७९१ साली 'राइट्स ऑफ मॅन'. इंग्रज सरकारने त्याच्यावर राजद्रोहाचा खटला भरला.

हेच पुस्तक जोतीराव फुल्यांच्या हाती पडलं १८४७ च्या सुमारास. पुढच्याच वर्षी पुण्यात मुलींची शाळा उघडली. एका पुस्तकाने सगळं घडलं असं म्हणणं जोतीराव आणि सावित्रीबाईंवर अन्याय होईल. पण माणूस जन्माने हक्क घेऊन येतो, हे छापील पानावर वाचल्याचा त्यांच्या विचारांवर परिणाम झाला, यात वाद नाही. काचोळ्या शिवणाऱ्याचा पोरगा आणि फुलांचा धंदा करणाऱ्यांच्या घरातला पोरगा. राजवाड्यांपेक्षा मला हीच जोडी जास्त भावते.

पेनच्या पुतळ्याच्या हातातलं पुस्तक उलटं आहे, चूक झाली का?

किंग स्ट्रीटवर सोन्याचा मुलामा दिलेला पेन उभा आहे. एका हातात पिसाची लेखणी, दुसऱ्यात 'राइट्स ऑफ मॅन', आणि ते खरंच उलटं. पुतळा १९६४ सालचा, शिल्पकार सर चार्ल्स व्हीलर. हे मुद्दाम केलं, लोकांनी बोलावं म्हणून, असं गावात सांगतात. लोक बोलतात हे खरं. फ्रेडरिकच्या घरी क्रॉमवेलचं चित्र उलटं आणि इथे पेनचं पुस्तक उलटं! फक्त एक रागाने उलटं केलं आणि दुसरं कौतुकाने.

थेटफर्डचा खजिना म्युझियममध्ये आहे ना?

प्रतिकृती आहेत. अस्सल लंडनला ब्रिटिश म्युझियममध्ये. रोमन काळाच्या अखेरीचा, चौथ्या शतकातला हा ऐवज: सोन्याच्या २२ अंगठ्या, चांदीचे ३३ चमचे, नाचणाऱ्या वनदेवाची आकृती असलेलं सोन्याचं बक्कल आणि बरंच काही. चमच्यांवर फॉनस या देवाची नावं कोरलेली. म्हणजे सगळं साम्राज्य ख्रिस्ती होत चाललं असताना इथे कुणीतरी जुन्या देवाला धरून होतं.

वाईट वाटतं ते सापडण्याच्या कथेचं. १९७९ च्या नोव्हेंबरमध्ये एकाने मेटल डिटेक्टर घेऊन परवानगी न काढता बांधकामाच्या जागी शोध घेतला, आणि सापडल्यावर गप्प बसला. बातमी फुटेपर्यंत त्या जागेवर इमारत उभी राहिली होती. वस्तू मिळाल्या, पण त्या कशात होत्या, शेजारी काय होतं, देऊळ होतं की घर, हे शोधायची संधी गेली. म्युझियममधली सगळ्यात शिकण्यासारखी गोष्ट मला हीच वाटते.

मग मलाच फिरताना काही सापडलं तर?

खिशात घालू नका. इंग्लंडमध्ये १९९६ चा खजिन्याचा कायदा आहे. सोन्याचांदीचं तीनशे वर्षांहून जुनं काही मिळालं, तर चौदा दिवसांत कळवावं लागतं. म्युझियमने ते घेतलं तर बक्षिसाची रक्कम सहसा शोधणारा आणि जमिनीचा मालक यांच्यात वाटली जाते. परगण्यात नोंदी करणारे अधिकारी असतात, ते एखादी साधी बांगडीची कडी किंवा मातीचं खापरही नीट बघून सांगतात. आपल्याकडेही १८७८ चा कायदा आहे, जमिनीत दहा रुपयांहून जास्त किमतीचं काही गवसलं की कलेक्टरला कळवायचं. दहा रुपयांचा आकडा तेव्हाचाच राहिला आहे, हे सांगितलं की पाहुणे हमखास हसतात.

मुलं कंटाळतील का?

नुसती फिरवलीत तर कंटाळतील. शाळेच्या सुट्ट्यांत म्युझियममध्ये मुलांसाठी हाताने करायचे उद्योग असतात, त्या वेळी न्या. माझी आठ वर्षांची भाची 'मला घरी जायचंय' करत आली होती. तिथल्या बाईंनी तिच्या तळहातावर एक काळसर दगड ठेवला आणि एवढंच म्हणाल्या, "हा कसा धरायचा ते तू शोध." दगड गारगोटीचा, एका कडेला धार. भाचीने तो तीन-चार प्रकारे फिरवून पाहिला आणि एकदम तिचा अंगठा एका खळग्यात चपखल बसला. कातडं खरवडायचं हत्यार होतं ते. ती मिनिटभर गप्प होती, जे घरी कधी होत नाही.

किशोरवयीन मुलांचा स्वतंत्र इतिहास क्लबही इथे चालतो. त्यातली मुलं जुने वेश घालून लोकांना माहिती देतात. चौदा वर्षांचा पोरगा सोळाव्या शतकातली ट्युडर टोपी घालून गंभीर चेहऱ्याने बोलत असतो आणि खाली त्याचे स्पोर्ट्स शूज दिसत असतात.

गावात आणखी कुठली म्युझियमं आहेत?

दोन, दोन्ही छोटी आणि स्वयंसेवकांच्या जिवावर चालणारी. चार्ल्स बरेल म्युझियम वाफेच्या इंजिनांचं. रस्त्यावरून धावणारी, नांगर ओढणारी, जत्रेतले पाळणे फिरवणारी इंजिनं बरेलच्या कारखान्यात बनायची. मोटारी आणि ट्रॅक्टर आले आणि १९२८ साली कारखाना बंद पडला. म्युझियम त्याच कारखान्याच्या रंगकाम करायच्या इमारतीत आहे. यंत्रांची आवड असलेल्या काकालोकांना इथे सोडून आपण कॉफी प्यायला जावं.

दुसरं 'डॅड्स आर्मी' या जुन्या विनोदी मालिकेचं. तिचं बाहेरचं चित्रीकरण इथे व्हायचं. मालिका पाहिली नसेल तर दहा मिनिटं पुरे.

इमारतीबाहेरचं काय बघावं?

कासल हिल. नॉर्मनांनी माणसं लावून रचलेलं मातीचं टेकाड, वर किल्ला आता नाही, पण चढण दमछाक करते. सैतानाने बूट झटकले तेव्हा पडलेली ही माती, आणि खाली चांदीच्या घंटा पुरल्यात, अशा दंतकथा आहेत. त्याशिवाय ११०३-०४ सालच्या प्रायरीचे अवशेष. आठव्या हेन्रीने मठ बंद केले त्यात १५४० साली हीही गेली. दगड लोकांनी नेले, आतल्या गारगोटीच्या भिंती तेवढ्या उभ्या आहेत.

गाडी असेल तर ग्राइम्स ग्रेव्ह्ज चुकवू नका. नावात 'ग्रेव्ह्ज' असलं तरी कबरी नाहीत. साडेचार हजार वर्षांपूर्वीच्या गारगोटीच्या खाणी आहेत, चारशेहून अधिक. वरून बघितलं तर गवताने भरलेल्या खळग्यांचं माळरान. एका खाणीत नऊ मीटर खाली उतरता येतं. हरणाची शिंगं कुदळीसारखी वापरून माणसांनी हे खणलं. खाली बारा महिने गारठा असतो, उन्हाळ्यातही स्वेटर घ्या.

मी म्युझियममध्ये स्वयंसेवक होऊ शकते का?

इंग्लंडमध्ये राहत असाल तर जरूर विचारा. इतिहासाची पदवी लागत नाही. दारात उभं राहून लोकांशी बोलणं, मुलांच्या उद्योगाची तयारी, बागेची निगा, अशी कामं असतात. मोडी वाचता येत असेल तर तिचा इथे काही उपयोग नाही, हे एका उत्साही मावशींना समजावताना मला फार कष्ट पडले.

जायचं कसं, आणि कुठल्या दिवशी?

केंब्रिजहून नॉरिचकडे जाणाऱ्या गाडीने पाऊण तास. स्टेशनातून गावात दहा मिनिटं चालत. एल्व्हडन आणि खाणी यांना मात्र गाडी लागते. रविवारी जाऊ नका. मी एकदा सासू-सासऱ्यांना रविवारी घेऊन गेले, म्युझियमला कुलूप, बाजार नाही, वर पाऊस. सासूबाई अजून तो किस्सा सांगतात. शनिवार उत्तम, पण निघण्यापूर्वी त्या आठवड्याच्या वेळा बघून घ्या. हिवाळ्यात छोट्या म्युझियमांच्या वेळा बदलतात.

शाकाहारी जेवण मिळेल का?

सँडविच, सूप, भाजलेला बटाटा. पोर्तुगीज दुकानांत अंड्याचे गोड टार्ट छान मिळतात, अंडं चालत असेल तर. चालत नसेल तर डबा न्या आणि बटन आयलंडच्या काठावर बसून खा. बदकांना पोळी घालू नका, मागे लागतात.